चमक फरशीला, धूळ छातीत

दसरा झाला की घराघरांत आवराआवर सुरू होते. भिंतींना रंग लागतो, माळ्यावरची भांडी खाली येतात आणि ज्यांच्याकडे शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशी आहे त्यांच्या घरी पॉलिशचे मशीन येते. वीस-पंचवीस वर्षे पायांखाली झिजलेली, डाग पडलेली फरशी चार दिवसांत अशी उजळते की, त्यात आपले तोंड दिसावे. घरच्यांना आनंद होतो आणि तो योग्यच आहे. चांगला दगड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तो उखडून फेकण्यापेक्षा घासून नवा करणे केव्हाही शहाणपणाचे.

पण फरशी घासताना दगडाचा जो थर निघतो, तो जातो कुठे? हा प्रश्न मला एका रुग्णाने शिकवला. आजचा लेख त्याविषयी आहे.

चाळिशीच्या आसपासचे ते गृहस्थ दम लागतो म्हणून दवाखान्यात आले. कोरडा खोकला दोन वर्षांपासून होता. जिना चढताना मध्येच थांबावे लागे. ठिकठिकाणी खोकल्याची औषधे घेऊन झाली होती. थुंकीत जंतू सापडले नसतानाही एकदा क्षयाचा पूर्ण कोर्स झाला होता. मी त्यांना ताप विचारला, वजन विचारले, बिडी-तंबाखू विचारली. छाती तपासली, एक्स-रे काढायला सांगितला आणि चिठ्ठी लिहून दिली.

आठ दिवसांनी ते एक्स-रे घेऊन आले. मी फोटो उजेडासमोर धरून पाहत होतो. ते मात्र खाली पाहत होते. म्हणाले, "साहेब, ही फरशी घासायला आली आहे. साठ नंबरच्या बट्टीपासून सुरुवात करावी लागेल."

मी चमकून विचारले, "तुम्ही हे काम करता?"

"सोळाव्या वर्षापासून. तुमच्या घरचं कामही मीच केलं होतं."

एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात बारीक बारीक गाठींचे ठिपके विखुरलेले होते. त्या ठिपक्यांचा अर्थ आता लागला. आणि आणखी एक गोष्ट आठवली. आमच्या घरी काम चालू असताना धूळ बाकीच्या खोल्यांत येऊ नये म्हणून त्या खोलीचे दार मीच बाहेरून ओढून घेतले होते. आत ते आणि त्यांचा मदतनीस, तोंडाला रुमाल बांधून.

एक प्रश्न जादा

इटलीतील डॉक्टर बर्नार्दिनो रामात्सिनी यांनी 1700 साली कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. पाथरवटांच्या श्वासातून दगडाचा बारीक चुरा आत जातो आणि त्यातून खोकला व दमा जडतो, हे त्यांनी त्यात नोंदवले आहे. त्या ग्रंथात त्यांनी डॉक्टरांना एक सल्ला दिला. रुग्णाला जे नेहमीचे प्रश्न विचारता, त्यांत आणखी एक घाला: तुमचा व्यवसाय काय? तीनशेहून अधिक वर्षे झाली, पण गर्दीच्या वेळी तोच प्रश्न आमच्याकडून राहून जातो. माझ्याकडूनही राहिला.

दगड जातो कुठे?

फरशी झिजते ती मुख्यतः चपलांबरोबर आलेल्या रेतीने. रेतीतला मुख्य कण क्वार्ट्झचा, म्हणजे सिलिकेचा. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या 1 ते 10 या मापात संगमरवर साधारण 3 वर आहे आणि क्वार्ट्झ 7 वर. त्यामुळे प्रत्येक पावलागणिक संगमरवरावर बारीक ओरखडे पडतात आणि चमक जाते.

ती परत आणण्यासाठी कारागीर आधी भरड बट्टीने वरचा खराब थर काढतो. मग 120, 220, 400 असे वरचे नंबर लावत ओरखडे बारीक करत नेतो आणि शेवटी पॉलिशची पावडर फिरवतो. फरशीला वरून काही लावून चमक आणलेली नसते. दगडच घासून गुळगुळीत केलेला असतो, आणि निघालेला प्रत्येक थर पीठ होऊन बाहेर पडतो.

सगळे दगड सारखे धोक्याचे नाहीत. चांगल्या संगमरवरात सिलिका फार थोडी असते. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड, पण त्यांतही काही सिलिका असते. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक क्वार्ट्झ असते. वालुकाश्म तर बहुतांशी सिलिकाच. अलीकडे स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी क्वार्ट्झचा कृत्रिम दगड बाजारात आला आहे. त्यात सिलिका 90 टक्क्यांच्या वरही असते. तो कापणाऱ्या तरुण कामगारांची फुफ्फुसे इतक्या लवकर निकामी होऊ लागली की, ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या दगडाच्या वापरावर बंदी घातली.

फुफ्फुसात काय होते?

डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकात आणि घशात अडकते आणि शिंकेतून, बेडक्यातून बाहेर पडते. खरी घातक धूळ दिसत नाही. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा असतो. 5 मायक्रॉनहून लहान कण मात्र श्वासाबरोबर थेट फुफ्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. बंद खोलीत असे कण काम थांबल्यावरही तासन्‌तास तरंगत राहतात.

वायुकोशांत सफाई करणाऱ्या पेशी असतात. त्या जंतूंना गिळतात, तसेच या कणांनाही गिळतात. जंतू पचतो, पण दगड पचत नाही. कण गिळलेली पेशी मरते, तिच्यातील दाहक द्रव्ये बाहेर पडतात आणि कण पुन्हा मोकळा होतो. त्याला दुसरी पेशी गिळते. असे वर्षानुवर्षे चालते. त्या जागी व्रणासारख्या कडक गाठी तयार होतात आणि स्पंजासारखे मऊ फुफ्फुस हळूहळू ताठर बनते. या रोगाचे नाव सिलिकोसिस.

बहुधा 10 वर्षे किंवा त्याहून अधिक काळ धुळीत काम केल्यावर तो दिसू लागतो. धूळ फार दाट असेल तर त्याआधीही होतो. एकदा झालेल्या गाठी कोणत्याही औषधाने विरघळत नाहीत. काम सोडल्यावरही रोग पुढे सरकू शकतो. सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. सिलिकेच्या स्फटिकयुक्त धुळीमुळे फुफ्फुसाचा कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1997 साली दिला.

गुजरातमधील खंभात हे गाव अकीक दगडाच्या मण्यांसाठी प्रसिद्ध आहे. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तिथे घरोघरी सहाणेच्या चाकांवर दगड घासून चमकवतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील कारागिरांमध्ये सिलिकोसिस नोंदवला आहे. काम घरातच असल्याने धूळही घरातच उडते.

मशीन ओले, कडा कोरड्या

येथे वाचक विचारतील, "डॉक्टर, आमच्याकडे तर पाणी टाकूनच पॉलिश होते, मग धूळ कुठली?"

बरोबर आहे. मोठे मशीन पाण्यावर चालते आणि त्यामुळे धूळ खरोखरच फार कमी उडते. पण ते मशीन भिंतीच्या कडेला, कोपऱ्यांत, जिन्याच्या पायऱ्यांवर आणि ओट्यावर पोचत नाही. तिथे हातातले ग्राइंडर चालते, आणि ते बहुतेक वेळा कोरडेच. खोली पिठाच्या गिरणीसारखी पांढरी होते ती तेव्हा.

ते कोरडे का चालवतात, हे मी आमच्या रुग्णाला विचारले. उत्तर साधे होते. "साहेब, हातात विजेचं मशीन आणि खाली पाणी. शॉक बसून आजच मरण्यापेक्षा धूळ बरी." त्यांच्या भीतीत तथ्य आहे. साधे ग्राइंडर पाण्यासाठी बनवलेलेच नसते. म्हणून "पाणी टाका" एवढे सांगून चालणार नाही. पाणी सुरक्षितपणे कसे टाकायचे, तेही पाहिले पाहिजे.

दुसरा चोर म्हणजे राडा. ओल्या घासाईतून निघालेला पांढरा राडा रात्रभर तसाच पडला की सकाळी वाळतो. मग कोणी खराटा मारतो, आणि पाण्याने बांधून ठेवलेली सगळी धूळ पुन्हा हवेत जाते.

घरमालकांसाठी

चार दिवसांच्या कामाने घरातल्या माणसांना सिलिकोसिस होत नाही, घाबरू नये. पण दम्याचे रुग्ण, लहान मुले आणि वृद्ध यांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवावे. त्यांचा त्रास कोणत्याही बारीक धुळीने उसळतो.

काम ठरवतानाच सांगावे की, कोरडे ग्राइंडर चालणार नाही. कडा आणि पायऱ्या पाण्यावर चालणाऱ्या खास हात-पॉलिशरने कराव्यात किंवा जुन्या पद्धतीने ओल्या बट्टीने हाताने घासाव्यात. जादा वेळ लागेल, त्याची मजुरी आपण द्यावी. घरच्या विजेच्या जोडणीत अर्थिंग नीट आहे ना आणि गळती होताच प्रवाह तोडणारा 30 मिलिअँपिअरचा स्विच बसवलेला आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. त्याने कारागिराचा जीव वाचतो आणि आपल्या मुलाबाळांचाही.

ज्या खोलीत काम चालू आहे तिच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. राडा ओला असतानाच भरून घ्यावा. तो मोरीत सोडू नये, नळी तुंबते. खराट्याऐवजी ओले पोतेरे वापरावे.

पॉलिशसाठी काही जण ऑक्झॅलिक अॅसिडची पांढरी पूड वापरतात. ती दिसायला मिठासारखी असते, पण पोटात गेल्यास मूत्रपिंडांना इजा करते. उरलेली पुडी घरात ठेवू नये.

एकदा फरशी चांगली झाली की ती टिकवावी. दारात पायपुसणे ठेवले आणि रोज रेती झाडून काढली, तर पुन्हा घासण्याची वेळ उशिरा येते. संगमरवर, शहाबादी, कोटा यांवर अॅसिड किंवा लिंबू कधीही टाकू नये. हे दगड चुन्याचे असल्याने अॅसिडने जागीच खातात आणि चमक जाते. ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड तर एकत्र मुळीच करू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

कारागिरांसाठी

रुमाल किंवा गमछा बारीक कण अडवत नाही, मग तो कितीही घट्ट बांधा. एन-95 किंवा त्याहून चांगला मास्क चेहऱ्याला सगळीकडून चिकटलेला हवा. दाढीमुळे फट राहते. मात्र मास्क ही शेवटची तटबंदी आहे, पहिली तटबंदी पाणीच.

धुळीचे कपडे घरी झटकू नका, पाण्यात भिजवूनच धुवा. बिडी-सिगारेट सोडा. आधीच जखमी झालेल्या फुफ्फुसावर तो दुसरा घाव असतो. अनेक वर्षे हे काम करत असाल, तर त्रास नसला तरी वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे आणि श्वासाची तपासणी करून घ्या. खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, ती तपासणी मोफत होते. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा: मी दगड घासतो, इतकी वर्षे घासतो.

सिलिकोसिस हा कायद्याने कामामुळे होणारा आजार मानला आहे. म्हणून जुने एक्स-रे आणि कागद जपून ठेवा, आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या.

आमच्या त्या रुग्णाने घासाई सोडली आहे. आता ते दगडाच्या दुकानात माल मोजून देतात. दम कमी झालेला नाही, पण वर्षभरात फारसा वाढलेलाही नाही. क्षयाची तपासणी आम्ही नियमित करतो. गेलेले फुफ्फुस मी त्यांना परत देऊ शकत नाही.

दवाखान्याची फरशी अजून तशीच आहे. या दिवाळीआधी ती करून घ्यायची आहे. त्यांच्याच भाच्याला सांगितले आहे. कडा ओल्या बट्टीने हाताने घासायच्या असे ठरले आहे. काम दोन दिवस लांबेल आणि मजुरीही त्या हिशेबाने वाढेल. या वेळी दार मात्र मी लावून घेणार नाही.