निसटलेली चप्पल

फोपनारला केळीच्या बागेतून घरी परतणाऱ्या माणसाची एक चप्पल वाटेतल्या चिखलात राहावी, आणि ती राहिल्याचे त्याला ओसरीवर पाय धुताना कळावे, यात हसण्यापलीकडे काही आहे असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटणार नाही. आमच्या एका वयोवृद्ध आप्तांच्या बाबतीत असे घडले तेव्हा घरची मंडळी हसलीच. 'आबांचे लक्ष हल्ली ठिकाणावर नसते', एवढा निष्कर्ष काढून सर्वजण जेवायला बसले. आबांना त्या वेळी मधुमेह जडून चौदा वर्षे झाली होती. पायातून चप्पल निसटली तरी न कळणे ही मधुमेहाने पायांचे मज्जातंतू निकामी केल्याची मोठी बोलकी खूण आहे, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

बऱ्हाणपूरजवळचे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना तेथे सापडलेल्या प्राचीन बुद्धमूर्तींमुळे परिचित आहे. आम्हांला ते परिचित आहे ते काळ्या जमिनीमुळे, केळीच्या बागांमुळे आणि तेथील माणसांच्या अनवाणी चालण्याच्या सवयीमुळे. ओल्या बागेत चप्पल रुतते म्हणून ती बांधावर काढून ठेवायची, ही तेथली रीत. निरोगी पायाला ती खपते. काटा रुतला की पाय आपोआप वर उचलला जातो. त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

ही उचल मधुमेहात हळूहळू नाहीशी होते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतूंना आणि त्यांचे पोषण करणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते. जे तंतू सर्वांत लांब ते आधी बिघडतात. म्हणून आरंभ पायांच्या बोटांपासून होतो आणि बधिरपणा पायमोजा चढवावा तसा वर चढत जातो. कित्येकांना प्रथम मुंग्या येतात, तळवे जळजळतात, टाचण्या टोचल्यासारखे होते. रात्री तर अंगावरच्या चादरीचा स्पर्शही नकोसा वाटतो. परंतु जवळजवळ निम्म्या रोग्यांना यांपैकी काहीच जाणवत नाही. आबा दोन वर्षे रात्री गार फरशीवर पाय टेकून बसत. मग ती आग आपसूक शमली. 'उतार पडला' म्हणून घरात समाधान पसरले. वस्तुतः आगीची वार्ता पोचविणारे तंतूच मेले होते.

त्याच सुमारास त्यांच्या टाचांना भेगा पडू लागल्या. घाम आणणारे तंतूही याच रोगाने दुबळे होतात, त्वचा कोरडी पडते आणि फाटते. पायाचे लहान स्नायू अशक्त झाल्याने बोटे आत वळतात, चालताना भार भलत्याच जागी पडतो, तेथे घट्टा धरतो आणि घट्ट्याखाली न दुखणारी जखम तयार होते. आबांनी दाखविलेल्या पहिल्या वैद्यव्यवसायीने 'वय झाले' असे सांगून शक्तीच्या गोळ्या दिल्या. पायातली चप्पल काढायला मात्र सांगितले नाही.

पौषातल्या एका थंडीच्या रात्री आबा शेकोटीजवळ पाय पसरून बसले होते. तिसऱ्या दिवशी सुनेला फरशीवर ओलसर डाग दिसले. डागांचा माग काढीत ती आबांच्या खाटेपाशी पोचली, तेव्हा उजव्या तळव्यावरचा फोड फुटून जखम चिघळलेली होती. त्या पायावर आबा तोवर रोज शेतात जाऊन येत होते! जळगावच्या रुग्णालयात दोन बोटे काढावी लागली, पाऊल वाचले.

वेदनेचे हे उपकार ज्यांनी जगाला पटवून दिले त्या डॉ. पॉल ब्रँड यांचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. 1914 साली तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात जन्मलेले हे शल्यविशारद 1946 पासून वेल्लोरला कुष्ठरुग्णांची सेवा करीत होते. कुष्ठरोग्यांची बोटे 'झडून' जात नाहीत; त्यांना दुखत नाही म्हणून ती भाजतात, कापतात, रात्री उंदीरही कुरतडतात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत कारव्हिल येथे त्यांनी हेच ज्ञान मधुमेह्यांच्या पायांसाठी वापरले. आनंदवनाची माहिती असलेल्या मराठी माणसाला बधिर हातापायांची कथा नवी नाही. ती साखरेच्या रोग्याचीही असू शकते, एवढेच नवे. धान्याची कोठारे असलेल्या आमच्या घरांत उंदरांचा प्रश्न तर आजही आहे.

नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि मुंबईचे डॉ. अरुण बाळ यांच्यासारख्या तज्ज्ञांनी मधुमेह्याच्या पायाला आपल्याकडे स्वतंत्र महत्त्व मिळवून दिले. तपासणीस मोठी यंत्रे लागत नाहीत. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक तंतू तळव्यावर टेकवून 'लागते काय' असे विचारायचे, आणि कंप पावणारा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवायचा; वर्षातून एकदा एवढे झाले पाहिजे. घरीही एक परीक्षा करता येते, ती इंग्लंडातील इप्सविचच्या डॉक्टरांनी 2011 साली प्रसिद्ध केली. रोग्याने डोळे मिटावेत. दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपले बोट एक-दोन सेकंद हलकेच लावावे. दाबू नये, घासू नये. या सहा स्पर्शांपैकी दोन किंवा अधिक कळले नाहीत, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. मात्र सहाही कळले म्हणून वार्षिक तपासणी चुकविणे बरे नव्हे.

उपचारांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मेलेला तंतू पुन्हा जिवंत करणारे औषध आज नाही. प्रीगॅबलिन, ड्युलोक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे जळजळ कमी करतात, झोप मिळवून देतात. बधिरपणा त्यांनी जात नाही. खरी राखण साखरेवरच्या ताब्यात आहे. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील दीर्घ अभ्यासात, इन्शुलिनवर जगणाऱ्या तरुण रोग्यांची साखर कडकपणे आटोक्यात ठेवल्याने मज्जातंतूंचा विकार सुमारे साठ टक्क्यांनी कमी झाला. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात हा लाभ तितका ठसठशीत दिसत नाही, तरीही तो सोडून देण्याजोगा नाही. रक्तदाब सांभाळणे आणि विडी-तंबाखू सोडणे हेही त्यातच आले. आणखी एक गोष्ट शाकाहारी घरांनी ध्यानात ठेवावी. ब-12 जीवनसत्त्वाच्या अभावानेही पाय बधिर होतात, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी दीर्घकाळ घेतल्यास ते जीवनसत्त्व कमी होऊ शकते. ही उणीव साध्या रक्ततपासणीत कळते आणि भरूनही काढता येते. आबांच्या रक्तात ती निघालीच.

एरवी न दुखणारे पाऊल एकाएकी लाल, गरम होऊन सुजले, तर त्यावर चालू नये. आतली हाडे मोडत असण्याचा संभव असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बाकी सारे घरच्या शिस्तीचे काम आहे. रोज रात्री तळवे पाहावेत; वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, म्हणजे चिखल्या होत नाहीत. भेगांना तेल चालेल, बेचक्यांत नको. कुरूप ब्लेडने कापणे हा घरोघरचा उद्योग बंद व्हावा. पाणी गरम आहे की नाही हे पायाने पाहू नये, कोपराने पाहावे. अंगठ्याच्या चपलेऐवजी मागे पट्टा असलेली, मऊ रबरी तळाची सँडल वापरावी आणि ती पायात घालण्यापूर्वी झटकावी.

राहिला श्रद्धेचा प्रश्न, आणि तो आमच्या भागात लहान नाही. मुक्ताईच्या पालखीबरोबर तापलेल्या डांबरी रस्त्यावरून अनवाणी चालण्याचा नवस, वैशाखात देवळाच्या फरशीवर प्रदक्षिणा, हे सोडा असे वडीलधाऱ्यांना कोणी सांगावे? आबांनीच यावर तोड काढली. ते आता मुक्ताईनगरला पहाटेच दर्शन घेतात, फरशी गार असताना, आणि पायांत जाड मोजे घालून.

गेल्या खेपेस आम्ही फोपनारला गेलो तो रविवार होता. आबा डोळे मिटून खाटेवर बसले होते आणि नववीतली नात त्यांच्या उरलेल्या बोटांना एकेक करून हलकेच स्पर्श करीत होती. "आजोबा, आता?" तिने विचारले. "डावी करंगळी," आबा म्हणाले. तिने वहीत खूण केली. पुढल्या दोन स्पर्शांना ते काहीच बोलले नाहीत. तिने तेही वहीत लिहून ठेवले.