वटवाघळांचं दार

पोरांनो, बेंगळुरूच्या लालबागेतल्या ज्या खडकावर तुम्ही धावत चढता ना, तो 300 कोटी वर्षांचा म्हातारा आहे. आपल्या बनशंकरीहून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, कोलारला, असल्याच जुनाट खडकांत सोन्याच्या शिरा सापडल्या आणि माणूस खणतच सुटला. चँपियन रीफ खाण तर तीन किलोमीटरहून खोल गेली. तळाचा खडक इतका तापलेला, की हात टेकवायची सोय नाही! 28 फेब्रुवारी 2001 ला खाणी बंद झाल्या, पंप थांबले आणि भुयारांत पाणी भरत गेलं.

पण खाण बंद केली म्हणून तिचं तोंड थोडंच मिटतं? पूर्वी जगभर अशा शाफ्टवर, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या विवरांवर, फळ्या टाकून वर माती लोटायचे. फळ्या कुजतात, वर गवत माजतं आणि चेंडूमागे धावणाऱ्या पोराला कळतही नाही की पायाखाली काय आहे. आतली हवाही दगा देते. पायराइट नावाचं, सोन्यासारखं चमकणारं लबाड खनिज गुपचूप प्राणवायू गिळत बसतं. वास नाही, धूर नाही. माणूस नुसता कोसळतो.

मग काँक्रीट ओतून बुजवून टाकावं, असंच म्हणाल. थांबा! आत कुणी राहत असेल तर? खाणीत ना ऊन, ना पाऊस, फार खोल नसेल तिथे गारवा बाराही महिने सारखा. वटवाघळाला आणखी काय हवं? कोलार जिल्ह्यातच हनुमनहळ्ळीच्या गुहेत नाकावर पानासारखी घडी असलेलं एक चिमुकलं वटवाघूळ राहतं. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं 1994 साली, आणि जगात दुसरीकडे कुठे ते असल्याचं ठाऊक नाही. वर्षाला मादीला पिल्लू होतं एकच. असलं बिऱ्हाड चिणून टाकायचं?

अमेरिकेत लोक भटकायला जातात त्या सरकारी रानांत हजारो जुन्या खाणी आहेत. तिथे बुजवण्याआधी तिन्हीसांजेला तोंडाशी बसून कोण बाहेर पडतं ते मोजतात. वटवाघळं दिसली, तर जाड पोलादी अँगल आडवे बसवतात, मधे जेमतेम 15 सेंटीमीटर फट ठेवून. माणूस अडतो, वटवाघूळ पंख आवरून सुळकन पार! शाफ्ट सरळ खाली जाणारा असेल, तर त्यावर उंच पिंजरा उभारतात. वटवाघूळ आधी वर येतं, मग बाजूच्या फटीतून निघतं. एक गज मात्र कुलपाचा, काढता येणारा. किल्ली मोजणीवाल्यांकडे असते, म्हणून हट्ट धरू नका.