चाळिशीतली आई बर्फावर उतरते तेव्हा

कॅनडात थंडी पडली की गावोगावच्या बंदिस्त बर्फाच्या मैदानांवर, म्हणजे रिंकवर, मुलांची आइस हॉकी सुरू होते. भल्या पहाटे मुलाला गाडीतून नेणारी, त्याच्या स्केटच्या नाड्या आवळून बांधणारी आणि मग कुडकुडत बाकावर बसून राहणारी आई तिथे इतकी ओळखीची आहे, की तिला ‘हॉकी मॉम’ असे नावच पडले आहे. यांतल्या काही जणी चाळिशीत स्वतः हातात स्टिक घेतात. त्यांत मुस्लिम आयाही असतात.

या वयात हा खेळ जमेल का? नवशिक्या प्रौढांच्या वर्गात सुरुवातीलाच पडायला आणि उठायला शिकवतात. आधी दोन्ही गुडघ्यांवर यायचे, मग एक पाऊल बर्फावर रोवायचे, त्या गुडघ्यावर हात टेकून उभे राहायचे. पळण्यापेक्षा थांबायला शिकणे अवघड जाते. मात्र खेळाची रचनाच दमणाऱ्यांना सांभाळून घेणारी आहे. मैदानात गोलरक्षकासह सहा जणी असतात, बाकीच्या बाकावर. मिनिटभर जीव तोडून खेळायचे, की बदली खेळाडू आत येते आणि आपण श्वास घ्यायला बाहेर. हौशी महिलांच्या सामन्यांत मुद्दाम अंगावर धडक मारण्यास मनाई असते. तरीही गुडघे, मनगटे सांभाळावीच लागतात. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारणे शहाणपणाचे.

पोशाखाचा प्रश्न इथे बऱ्याच अंशी खेळच सोडवतो. डोक्यावर जाळीचे हेल्मेट, खांदे, कोपर आणि नडग्यांवर पॅड, हातमोजे, लांब बाह्यांची सैल जर्सी. पायांत जाड लांब मोजे. हेल्मेटखाली खेळाचा घट्ट बसणारा हिजाब घातला की झाले. पंच किंवा प्रेक्षक पुरुष असू शकतात, हे मात्र आधी विचारून घ्यावे लागते.

खरी अडचण वेळेची आणि पैशांची. संध्याकाळचे सोयीचे तास मुलांच्या संघांना मिळतात, मोठ्यांच्या वाट्याला अनेकदा रात्रीचे नऊ-दहा येतात. टोरांटोत डिसेंबरमध्ये पावणेपाचच्या सुमारास मगरिब होते. त्यामुळे इशाची नमाज आणि जेवणे उरकून निघता येते. पण मागे मुलांना झोपवणारे कुणीतरी हवे. साहित्य महाग असते, म्हणून अनेक जणी वापरलेले घेतात. ‘मुलांच्या खेळावर खर्च केला तर माया आणि आईने स्वतःवर केला तर चैन’ हा हिशेब आधी घरातच मिटवावा लागतो.

वयाची सबब फिनलंडच्या रिक्का सॅलिनेन यांनी खोटी पाडली. १९९८ च्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवल्यावर काही वर्षांनी त्या निवृत्त झाल्या, दहा वर्षांनी परतल्या आणि २०१८ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, पुन्हा कांस्यपदक जिंकल्या. आपल्या देशातही हा खेळ परका नाही. भारतीय महिला संघाची गोलरक्षक राहिलेली नूर जहाँ लेहची. थंडीत गोठणाऱ्या पाण्यावर तिथल्या मुली हा खेळ शिकतात. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ ने हरवून या संघाने पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला.

‘या वयात हे शोभते का?’ असे कुणी विचारले, तर हजरत आयेशा (रजि.) यांची हदीस आठवावी. अबू दाऊदमध्ये ती आली आहे. एका सफरीत त्यांनी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली आणि जिंकली. पुढे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित (सल्ल.) जिंकले आणि मागची फिटंफाट झाल्याचे त्यांनी सांगितले. शरीर जड झाले म्हणून धावणे संपले, असे त्या घरात कुणी मानले नाही.

रत्नागिरीत किंवा औरंगाबादेत बर्फाचे मैदान नाही. पण फज्रनंतर चालायला जाणे आहे, गच्चीवरचे बॅडमिंटन आहे. आठवड्यातला एक तास अम्मीचा, आणि त्या तासात चहा कुणी करायचा हे घरातल्या इतरांनी ठरवायचे. एवढी सुरुवात तर या आठवड्यातही करता येईल, इन्शाअल्लाह.