उंच भरारी आणि हातातील दोरी

इंग्रजीत 'आउटसोअर' असे एक क्रियापद आहे. बोलण्यात ते क्वचितच ऐकू येते. त्याचे वास्तव्य बहुधा काव्यातच. 'सोअर' म्हणजे भरारी घेणे. त्यास 'आउट' हा उपसर्ग लागला, म्हणजे दुसऱ्यास खाली टाकून त्याहून उंच उडणे असा अर्थ होतो. 1821 साली तरुण कवी कीट्स निवर्तला, तेव्हा शेलीने 'अॅडोनेस' या शोककाव्यात हे क्रियापद योजिले. मत्सर, निंदा व यातना यांच्या आवाक्यापलीकडे कवी निघून गेला, हा त्यातील भाव. अर्थ उदात्त खरा. परंतु ही भरारी सुटून जाणाऱ्याची आहे. खाली उरलेल्यांनी केवळ वर पाहत राहावयाचे.

मराठीत या अर्थाचे एकपदी क्रियापद नाही. 'वरचढ होणे', 'वरताण करणे' म्हणावे, तर चढाओढ येते, पण आकाश हरवते. आकाशात संचार करणाऱ्यास मात्र 'खेचर' हा जुना शब्द आहे. 'ख' म्हणजे आकाश. नामदेवांचे गुरू विसोबा यांच्या नावाशी तोच शब्द जोडलेला आहे. गोरोबाकाकांनी नामदेवांस कच्चे मडके ठरविल्यावर ते गुरूच्या शोधार्थ निघाले आणि औंढा नागनाथाच्या देवळात त्यांस विसोबा भेटले, अशी कथा सांगतात. हे क्षेत्र आजच्या हिंगोली जिल्ह्यात असून, नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानलेले नरसी गावही तेथलेच.

अशा 'खेचरा'च्या शिष्याने उड्डाणाचे कोणते चित्र रेखाटले, हे पाहण्यासारखे आहे. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदे समाविष्ट आहेत. त्यांतील रामकली रागातील एका पदात मुलगा कागद आणून पतंग करतो व आकाशात सोडतो. सोबत्यांशी त्याच्या गप्पा चालल्या आहेत, तरी चित्त दोरीवर आहे. पुढे पाच कोस दूर चरणारी गाय येते. तिचे मन वासरापाशी आहे. देवाचे अनुसंधान असे असावे, हे पदाचे तात्पर्य.

नामदेव जातीने शिंपी. दोऱ्याचे मोल त्यांस कोणी शिकवावयास नको होते. दोरी तुटली की पतंग क्षणभर मोकळा दिसतो, मग भरकटत खाली येतो. वाऱ्यावर तो उंच तरतो, कारण दोरीचा ताण त्यास वाऱ्यासमोर धरून ठेवतो.

आज घरोघरची मुले-मुली विद्येसाठी व उद्योगासाठी दूर जातात, आणि त्यांनी आपल्याहून उंच जावे हीच वडील मंडळींची इच्छा असते. अशा वेळी दोरी आखडून धरणारा हात पतंग चढू देत नाही, आणि सोडून देणारा त्यास गमावून बसतो. दोरी सैल करीत जावे, पण चित्त तिच्यावर असावे. शेलीच्या शब्दाने मृताचा गौरव होतो. जित्या माणसांच्या घरास नामदेवांचा पतंग अधिक जवळचा वाटेल.