पंचावन्न किलोचा हट्ट
स्थूलता आणि शस्त्रक्रिया : लेखांक ६

शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांचा विषय गेल्या आठवड्यात संपला. त्या तपासण्या चालू असताना एक प्रश्न मात्र पहिल्याच भेटीत येतो: माझं वजन किती व्हायला हवं? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक वेळा तयार असतं, उंचीतून शंभर वजा. म्हणजे १५५ सेंटीमीटर उंची आणि १०५ किलो वजन असलेल्या बाईंनी ५५ किलोची खूणगाठ बांधलेली असते. माझं म्हणणं असं की ही खूणगाठ भूल देण्याच्या टेबलावर जाण्याआधीच सोडवली पाहिजे. शस्त्रक्रियेतून काय मिळणार आहे हे माणसाला नीट कळलं नसेल, तर संमतिपत्रावरच्या त्याच्या सहीला फारसा अर्थ उरत नाही.

हा आकडा आला कुठून, ते आधी पाहू. शंभर वजा करण्याचा ठोकताळा एकोणिसाव्या शतकातल्या पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावावर खपतो. ‘आदर्श वजना’चे तक्ते त्यानंतरचे, आणि ते दवाखान्यातून आलेच नाहीत. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीनं १९४०च्या दशकात ते काढले आणि १९५९ व १९८३ मध्ये सुधारले. कोणत्या वजनाचे विमेदार कमी मरतात, हा कंपनीचा प्रश्न होता आणि धंद्याच्या दृष्टीनं तो योग्यच होता. पण त्या तक्त्यात मुळात जे सडपातळ होते त्यांची नोंद आहे. १०५ किलोवरून खाली उतरलेल्या माणसानं कुठे थांबावं, याबद्दल तो काहीच सांगत नाही. तरीही शल्यविशारदांनी कित्येक वर्षं ‘जादा वजन’ मोजलं ते याच तक्त्यावरून, आणि त्यातला निम्मा जादा भार उतरला की शस्त्रक्रिया यशस्वी धरली.

आता प्रत्यक्षात काय घडतं? ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’ हा १९८७ पासून चाललेला अभ्यास या क्षेत्रातला सर्वांत दीर्घ पुराव्यांपैकी एक. त्यात जठराला वळसा देणारी बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि दहाव्या वर्षी ही घट २५ टक्क्यांवर आली. क्लीव्हलँडच्या ‘स्टॅम्पीड’ चाचणीत पाच वर्षांनंतरची घट बायपासमध्ये २३ टक्के, तर जठराचा मोठा भाग कापून काढणाऱ्या स्लीव्हमध्ये १९ टक्के होती. दहाव्या वर्षाचा २५ टक्क्यांचा हिशोब आपल्या बाईंना लावला तर त्या ७९ किलोच्या आसपास स्थिरावतील. जादा ५० किलोंपैकी २६ गेले, म्हणून डॉक्टरांच्या नोंदवहीत त्या यशस्वी. स्वतःच्या मनात मात्र त्या २४ किलोंनी नापास. शस्त्रक्रिया एकच आणि काटाही एकच, तरी निकाल दोन! त्यामुळे अलीकडे एकूण वजनाच्या टक्केवारीत बोलण्याचा आग्रह धरला जातो, तो मला रास्त वाटतो.

पण ७९ किलोवर थांबून उपयोग काय, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तरही स्वीडनच्याच आकडेवारीत आहे. तिथल्या बहुसंख्य रुग्णांवर जुन्या, कमी परिणामकारक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. सुरुवातीचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, साधारण ४२ होता आणि दहा वर्षांनंतरही बहुतेकांचा ३०च्या वरच राहिला, म्हणजे व्याख्येनुसार ते स्थूलच. तरीही २००७ साली निष्कर्ष छापून आले तेव्हा वय आणि इतर धोके जमेस धरून त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा २९ टक्क्यांनी कमी भरलं. लाभ व्हायला ‘आदर्श’ वजन गाठावं लागलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मोठं ध्येय ठेवलं तरच माणूस झटतो, मग ते खाली का आणायचं? गॅरी फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ६० स्थूल स्त्रियांना आहार-उपचारांआधी त्यांची अपेक्षा विचारली. त्यांना सरासरी ३२ टक्के घट हवी होती. ४८ आठवड्यांनी जवळपास निम्म्या जणींना, ज्याला त्यांनी स्वतःच ‘निराशाजनक’ म्हटलं होतं, तेवढीही घट साधली नव्हती. यावरून ‘ध्येय वास्तववादी ठेवा’ हा सल्ला रूढ झाला. पण अवास्तव ध्येयामुळे वजन कमी उतरतं असा पुरावा नाही, असं २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या एका लेखानं दाखवून दिलं, आणि ते मान्यच करायला हवं. माझा मुद्दा मात्र वेगळा आहे. पथ्याचा कंटाळा आला तर ते सोडता येतं. कापून काढलेलं जठर परत जोडता येत नाही. स्लीव्ह की बायपास, की आत्ता काहीच नको, हा निर्णय याच आकड्यावर बेतला जातो. तिथे उमेद असावी, पण आकडा खोटा नसावा.

भारतीयांना तर बीएमआय २३ पासूनच धोका, मग ३० वर समाधान कसं मानायचं, हा तिसरा आक्षेप. २३ ही धोक्याची खूण जनसमूहासाठी आहे. शस्त्रक्रियेनंतर एका माणसानं कुठे पोचावं हे त्यातून ठरत नाही. शिवाय आपल्याकडचा धोका काट्यावर धड दिसतही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय २२.३ होता. २००४ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचं छायाचित्र शेजारी-शेजारी छापलं. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती आणि युडकिन यांच्या ९.१ टक्के. त्यामुळे आपल्या रुग्णानं किलोपेक्षा कमरेचा घेर, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) आणि यकृतातली चरबी यांचीच चौकशी अधिक करावी.

तरीही आकडा हवाच असेल, तर तो एकच नको, पट्टा हवा. २०२३ मध्ये दहा देशांतल्या रुग्णांच्या नोंदींवरून एक गणनयंत्र प्रसिद्ध झालं. वय, उंची, वजन, धूम्रपान, मधुमेह आहे का आणि किती वर्षांपासून, आणि शस्त्रक्रिया कोणती, एवढ्या सात गोष्टी विचारून ते पाच वर्षांतल्या वजनाची वाट वर्तवतं. आपल्या बाईंच्या फाइलवर ‘७२ ते ८५, आणि शुगरची गोळी कमी’ असं काहीसं लिहिलेलं बरं. नाहीतर ५५ गाठायच्या नादात जेवणच तोडलं जातं आणि चरबीबरोबर स्नायूही झडतात. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर वरणातून जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतात, आणि जठर लहान झाल्यावर ती वाटीही एका बैठकीत संपत नाही. शाकाहारी घरात हे ६० ग्रॅम बसवायचे कसे, ते पुढच्या आठवड्यात.