भिजलेले सरपण आणि ओले सरपण

कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या बेगमीत मीठ-मिरची आणि सुक्या मासळीच्या जोडीला सरपणही असते. परंतु वैशाखात भरलेला हा साठा अनेक घरांत भाद्रपद-आश्विनात, म्हणजे हस्ताचा पाऊस अजून कोसळत असतानाच, तळाला जातो. 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर खेडोपाडी गॅसची शेगडी पोहोचली असली, तरी आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी किंवा उकड्या तांदळासाठी भात उकडताना लाकूडच लावले जाते आणि भर ओलीत जळण जमवण्याची वेळ येते. या कामाविषयीच्या बहुतेक गैरसमजांच्या मुळाशी एकच घोटाळा आहे: पावसाने लाकडावर आलेले पाणी आणि झाडाने स्वतःत साठवलेले पाणी यांत फरक केला जात नाही.

जिवंत झाडाच्या पेशींच्या पोकळ्यांत मोकळे पाणी असते, तर पेशींच्या भिंतींत मुरलेले पाणी असते, ज्याला बद्ध पाणी म्हणतात. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. वाळताना आधी मोकळे पाणी जाते, आणि पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे 28 ते 30 टक्के इतके पाणी उरले की बद्ध पाण्याची पाळी येते, जे अधिक चिवटपणे धरून राहते. याउलट, उन्हाळाभर वाळलेल्या फाट्यांवर चार सरी पडल्या, तर पाणी मुख्यतः बाहेरच्या थरातच शिरते आणि वाऱ्याच्या पडवीत ते काही दिवसांत निघूनही जाते. त्यामुळे ‘एकदा भिजले की सरपण गेले’ हे खरे नाही. जाते ते भिजल्यावर तसेच चिखलात दडपून ठेवलेले.

हवाच दमट असल्यामुळे पावसाळ्यात लाकूड वाळतच नाही, हा समजही याच जातीचा आहे. लाकडातील ओल भोवतालच्या हवेशी समतोल साधते, आणि सापेक्ष आर्द्रता 85 ते 90 टक्के असली तरी हा समतोल कोरड्या वजनाच्या साधारण 17 ते 20 टक्क्यांवर येतो. म्हणजे छपराखालचे ताजे लाकूड श्रावणातही वाळतच असते, मात्र फार संथपणे. हा संथपणा कमी करण्याचा उपाय कुऱ्हाडीत आहे, कारण लाकडातील पाणी रेषांच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा कितीतरी वेगाने सरकते आणि साल त्याला अडवते. म्हणून आखूड तोडलेला व फोडलेला ओंडका लवकर वाळतो. ‘आधी वाळू द्यावे, मग फोडावे’ हा क्रम त्यामुळे उलटा ठरतो, शिवाय सरळ रेषांचे लाकूड बहुधा ओलेपणीच सोपे फुटते. साठ्याला चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळणे हाही असाच उलटा उपाय आहे, कारण आतली वाफ आतच राहून लाकडाला बुरशी धरते; वरून आडोसा, खाली दगड किंवा वासे आणि बाजू मोकळ्या, एवढे पुरते.

ओले लाकूड सावकाश जळते म्हणून जास्त पुरते, ही समजूत सर्वांत महागात पडणारी आहे, आणि तिचे खंडनही पुष्कळदा चुकीच्या कारणाने केले जाते. पाण्याची वाफ करण्यातच सगळी उष्णता खर्च होते असे सांगितले जाते. हिशेब मात्र वेगळे दाखवतो. निम्मे पाणी असलेल्या एक किलो लाकडातील अर्धा किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे सव्वा मेगाज्यूल उष्णता लागते, तर उरलेल्या अर्धा किलो लाकडात सुमारे नऊ मेगाज्यूल असते. खरे नुकसान पुढे होते: वाफेमुळे जाळ थंड राहतो, तापलेल्या लाकडातून सुटणारे ज्वलनशील वायू पेट न घेताच निसटतात आणि डांबरट थेंबांसह धूर होऊन बाहेर पडतात. डोळ्यांना झोंबणारा तो धूर म्हणजे निव्वळ वाफ नसून न जळलेले सरपणच असते. रॉकेल ओतल्याने यात काही बदलत नाही. ते वरच्यावर जळून संपते, आणि भडक्याचा धोका तेवढा वाढतो.

रानात जमवताना हलके ते वाळलेले, ही खूण फसवी आहे. जमिनीवर पडलेल्या फांदीतील काष्ठद्रव्य बुरशी खात जाते, त्यामुळे ती हलकी होते आणि पावसात स्पंजासारखे पाणी पिते. उलट झाडावरच वाळलेली किंवा झुडपांत अडकून राहिलेली फाटी, वरून भिजलेली असली तरी, आतून बरीच कोरडी निघते. टोकाला पडलेल्या भेगाही भरवशाच्या नाहीत, कारण टोके आधी सुकून आकसतात आणि मधला भाग ओलाच राहू शकतो. तुकडा फोडून आतली बाजू गालाला लावून पाहणे ही त्याहून बरी परीक्षा आहे. आणि घरात तराजू असेल, तर एकच ओंडका आठवड्याआड तोलत राहावा आणि वजन उतरायचे थांबले की तो चुलीजवळ आणावा.