पेट्रोल फिल्टर बदलायचा, की थांबायचं?

औंधात यमाईच्या डोंगराचा चढ लागला की तुमची बाईक आचके देते, पण सपाटीला मुकाट पळते? लगेच इंजिनाला दोष देऊ नका. चढाला पेट्रोल जास्त लागतं आणि कचऱ्यानं तुंबलेला फिल्टर ते पुरेसं जाऊ देत नाही.

गाडी जुनी, कार्बोरेटरची असेल तर पेट्रोलच्या नळीवर छोटा फिल्टर आहे का बघा. साधा फिल्टर दीडशे रुपयांच्या आत मिळतो. तो बिनधास्त बदला. कारण कचरा पुढं गेला, तर कार्बोरेटर खोलायची मजुरी त्याहून जास्त! मात्र इंजिन गार होऊ द्या, कॉक बंद करा आणि फिल्टरवरचा बाण कार्बोरेटरकडे ठेवा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांचं गणित वेगळं. बहुतेकींत इंजेक्शन असतं, पंप आणि फिल्टर टाकीतच. काही गाड्यांत अख्खा पंपच बदलावा लागतो आणि बिल हजारांत जातं. म्हणून आधी प्लग, एअर फिल्टर तपासायला सांगा, पंपाचं प्रेशर मोजायला लावा. प्रेशर कमी भरलं, तरच खिशात हात घाला.